टेबलाखालचा बारामतीकर

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी लागली आणि राजनंदिनी घोंगडीत गुंडाळलेलं ओझं पोटाशी धरून गर्दीत घुसली. खिडकीची जागा मिळाली. ओझं मांडीवर घेऊन ती घोंगडीचं टोक खोचत होती, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं.

"कोकरू हाय का?"

तिनं मान वळवली. सावळा, उंच, कपाळावर ओले केस... आणि डोळ्यांत असं मिश्कील हसू, की उत्तर द्यावं की कानाखाली द्यावी, तेच तिला चटकन ठरेना.

"न्हाय," ती म्हणाली. "सर्व्हर हाय."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "कशाचा?"

"खेळाचा. आठ जण आठ मशीनवर बसणार आणि एकाच मैदानात रणगाडे पळवणार. कोण कुठं लपलाय, कुणाचा गोळा कुणाला लागला, सगळा निवाडा ह्यो डबा करणार. जत्रंतल्या कुस्तीला पंच असतो ना, तसा."

एवढं सांगायची काही गरज नव्हती. पण कौतुकानं ऐकणारा माणूस भेटला की राजनंदिनीच्या जिभेला लगाम राहत नसे. इंदापुरात तिचा कॉम्प्युटर क्लास होता. वडिलांनी, मानसिंग आबांनी, मेंढरं विकून ऊस लावला, तेव्हा लोकरीचं गोदाम मोकळं झालं. त्यात तिनं जुनी मशीन्स मांडली होती. पण पोरं चार दिवस यायची आणि गळायची. का, तर बारामतीत कुठल्याशा क्लासमध्ये एकत्र खेळायला मिळतं म्हणून रविवारी एसटीनं तिकडं पळायची.

"आबा म्हणत्यात, सगळी मशीन एका वक्ताला चाललेली दसऱ्याला दाखव. न्हायतर शटर वढायचं आणि गोदामात ठिबकच्या पाइपा भरायच्या." ती घोंगडीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हणून ह्यो सर्व्हर. एकदा चालला की बघा, त्या बारामतीवाल्याची दुकानदारी बंदच करते."

"आसं?" तो गंभीरपणे म्हणाला. "फार माजलाय का त्यो बारामतीवाला?"

"लई. भिगवण चौकाजवळ हाय म्हणं त्येचा क्लास."

"ऐकून हाय." भवानीनगरच्या वळणावर गाडीनं गचका दिला, तसा त्यानं चटकन हात घालून डबा सावरला. तिच्या बोटांवर त्याची बोटं आली — आणि क्षणभर तशीच राहिली. "मीच त्यो. रविराज."

राजनंदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खिडकीबाहेर पावसाची बारीक झड लागली होती. उसाची पाती वाकून बघत होती, आणि तिला वाटलं, धरणीमाते, जरा लासुर्ण्यापर्यंत तरी पोटात घे.

"मग काय," ती शेवटी फणकाऱ्यानं म्हणाली, "तोंडावर सांगितलं ते बरंच झालं."

रविराज मोठ्यानं हसला. सगळी गाडी वळून बघायला लागली. निमगाव केतकीला त्याची बहीण दिली होती, तिथं तो उतरला. उतरून पुन्हा खिडकीखाली आला.

"दसऱ्याला चार गडी घेऊन येतो. बारामती इरुद्ध इंदापूर. सर्व्हर तुमचा, मैदान तुमचं. चालंल?"

"हारून जाल."

"हारायला तरी बोलवा," तो म्हणाला, आणि गाडी सुटली.

त्यानंतर रविराजला बहिणीचा फारच लळा लागला. आठवड्यातून एकदा निमगावला यायचा, आणि निमगावला आलाच आहे तर इंदापूर काय लांब, म्हणून गोदामाच्या दारात उभा राहायचा. येताना बहिणीच्या मळ्यातली विड्याची पानं आणायचा. ती भामाबाईंच्या, म्हणजे राजनंदिनीच्या आईच्या, हातात द्यायचा आणि चहा मिळेपर्यंत हलायचा नाही.

राजनंदिनीची जुळवाजुळव चालली होती. एका मशीनपासून दुसऱ्या मशीनला अशी काळी केबल तिनं भिंतीच्या कडेनं फिरवली. मैदानाचा नकाशा तिनं स्वतः रचला. त्यात ओढा होता, बांध होते, मधोमध विहीर होती. विहिरीत रणगाडा पडला की बाद. आणि शिवी देणाऱ्याला सर्व्हरवरून तिथल्या तिथं हाकलायचं, हा नियम तर तिनं आधी केला आणि बाकीचे मागून.

"मलाबी हाकलाल?" रविराजनं विचारलं.

"शिवी दिली तर."

"आणि आणखी काय बोललो तर?"

केबल सोलता सोलता तिचा हात थांबला. "काय?"

"काय न्हाय..." तो खाली बघून म्हणाला. "टोप्या घट्ट बसवा म्हणलं."

केबलच्या दोन्ही टोकांना एकेक धातूची टोपी लागते, बोटाच्या पेराएवढी. तीत विजेला एक छोटा अडसर असतो, पन्नास ओहमचा रेझिस्टर. टोपी नसेल तर केबलमधून पळणारा निरोप टोकावर आपटतो, माघारी येतो, आणि सगळ्यांचं बोलणं एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. एक टोपी पडली की आठही मशीन मुकी. हे राजनंदिनीला ठाऊक होतं. तरी तिनं तोंड वर करून विचारलं, "का हो, घट्ट का?" आणि त्यानं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, आणि तिनं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. प्रेमात माणूस इतपत तरी खोटं वागतंच.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं चाललं. आठही पडद्यांवर आठ रणगाडे डुलत होते. ती एकटीच गोदामात उभी राहून टाळ्या वाजवत राहिली.

दसऱ्याला दुपारी बारामतीची मंडळी आली. इंदापूरच्या कॉलेजची पोरं आधीच दाटीवाटीनं उभी होती. मानसिंग आबा फेटा बांधून पुढच्या बाकावर बसले. थोड्या वेळापूर्वीच भामाबाईंनी मशीनची पूजा मांडली होती. दसऱ्याला आउताची, विळ्याकोयत्याची पूजा होते, मग लेकीच्या आउतानं काय पाप केलंय? प्रत्येक मशीनला हळदीकुंकू, झेंडूची माळ, आणि सर्व्हरपुढं ताटात सुपारीचा गणपती.

राजनंदिनीनं सर्व्हर चालू केला. पोरांनी नावं टाकली. आणि आठही पडद्यांवर एकच उत्तर आलं: मैदान सापडत नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

गर्दीत खसखस पिकली. आबांनी फेट्याखाली कपाळ खाजवलं. "चाललं न्हाय व्हय गं?" ते हळूच म्हणाले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर परवडलं असतं.

ती गुडघ्यांवर बसून मशीनमागनं केबल चाचपत निघाली. एक जोड, दुसरा जोड, तिसरा... सगळे घट्ट. कोपऱ्यातल्या शेवटच्या मशीनपाशी पोचली तर झेंडूच्या माळेमागून धूर येत होता. माळ बाजूला केली. केबलच्या टोकाला टोपी नव्हती. टोपीच्या जागी, त्या बारक्या भोकात, उदबत्ती खोचलेली होती.

"आई!"

"काय गं? चांगली बसली की उदबत्ती," भामाबाई म्हणाल्या. "देवानंच भोक दिलं म्हणलं."

"आणि टोपी कुठं?"

भामाबाईंनी ताटाकडं बोट केलं. सुपारी सारखी लोळत होती, म्हणून त्यांनी ती टोपी पानावर उपडी न ठेवता उताणी ठेवली होती आणि तिच्या तोंडावर गणपती बसवला होता. हळदीकुंकू, अक्षता, दूर्वा, सगळं वाहून झालं होतं.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," आबा म्हणाले. राजनंदिनीचा हात ताटाकडं गेला, तसे ते दचकून उठले. "हां! बसलेला देव मधीच उठवत्यात व्हय? उद्या सकाळी उठवायचा. तवर हात लावायचा न्हाय."

यावर वाद नव्हता. तिला स्वतःलाही तो हात पुढं नेववेना. तिनं रविराजकडं पाहिलं.

"माझ्या टोप्या बारामतीत," तो म्हणाला. "जाऊन येईस्तवर दिवस मावळंल. पण टोपीत असतं काय? एक अडसरच की. एखादा जुना रेडिओ घावला तर..."

दोघांचीही नजर एकदमच फळीवर गेली. तिथं आबांचा रेडिओ होता, कातडी खोळीतला. मेंढरांमागं माळावर हिंडताना तो खांद्याला असायचा. अजून रोज सकाळी बातम्या सांगायचा.

"आबा..." राजनंदिनी म्हणाली. "तुमी न्हाय म्हणलात तर न्हाय."

आबा उठून फळीपाशी गेले. मग त्यांनी तो स्वतः खाली काढला, खोळ उतरवली आणि हात पुढं केला. "दे त्यो पेचकस. मलाच उघडू दे."

आत पिवळ्या-जांभळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक इवलासा अडसर राजनंदिनीला सापडला. पन्नासला तीनच कमी, चालण्यासारखा. तिनं पकडीनं तो अलगद तोडला आणि त्याची दोन टोकं केबलच्या तोंडाला टेकवली. पडद्यांवर मैदान उगवलं! पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण तिनं बोट काढलं की मैदान गुल. चिकटपट्टी लावून पाहिली, तार निसटायची.

"सरका," रविराज म्हणाला आणि टेबलाखाली शिरला. "मी धरतो."

"आणि तुमच्या जागी खेळणार कोण?"

"आमचा राखीव गडी."

बारामतीच्या पोरांनी कपाळाला हात लावला. राखीव गडी मैदानात आल्या आल्या विहिरीत पडला.

मग जे काही झालं, ते इंदापुरात पुढं पुष्कळ दिवस चघळलं गेलं. रणगाडे बांधावरून उड्या मारत होते, पोरं एकमेकांच्या पाठीत बुक्के घालत होती. आबा बाकावर उभे राहून, "अरं वड्यातनं घाल! वड्यातनं!" असं ओरडत होते. एका बारामतीकरानं तोंड सोडलं आणि राजनंदिनीनं त्याला नियमाप्रमाणं हाकललं. मिनिटभरानं माफी मागून तो परत आला. सर्व्हर एकदाही अडखळला नाही. राजनंदिनीचा ऊर असा भरून आला होता की तिला हसावं की रडावं कळेना.

मधेच ती कोपऱ्यात जाऊन वाकली. टेबलाखाली रविराज अंग दुमडून बसला होता. हात भिंतीकडं ताणलेला, कपाळावर घाम, केसांत झेंडूच्या पाकळ्या.

"दुखतंय?"

"मुंग्या आल्यात. कोण जिंकतंय?"

"इंदापूर. तुमचा एकच गडी उरलाय." ती जरा थांबली. "हात काढलात तर खेळ मोडंल. बारामतीची अब्रू वाचंल."

"व्हय की," तो म्हणाला. "पण मग तुमचं शटर खाली येतंय. आणि मला इंदापूरला यायला कारण काय उरतंय?"

"निमगावची बहीण..."

"बहिणीनं सांगितलंय, तिकडं चहा घेत असशील तर हिकडं येऊ नको." तो हसला, मग हसू आवरून हळू म्हणाला, "गाडीत घोंगडीत काय हाय ते कळायच्या आधीच मी हारलो व्हतो. आता ह्ये बोलल्याबद्दल हाकलायचं आसंल तर खेळ संपल्यावर हाकला... आत्ता हात मोकळा न्हाय."

तिनं आपल्या पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. तेवढ्यात वर आरोळी उठली. बारामतीचा शेवटचा रणगाडा ओढ्यात उडाला होता. इंदापूर जिंकलं!

पोरांनी राजनंदिनीच्या नावानं गोदाम दणाणून सोडलं. उद्यापासून कधी यायचं, म्हणून तिच्याभोवती ही गर्दी. आबा गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि फेटा एका कानावर आला होता.

"पाइपा दुसरीकडं ठिवू," ते म्हणाले. "गोदाम तुझं. ही किल्ली बी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." किल्ली तिच्या तळहातावर ठेवून ते इकडंतिकडं बघायला लागले. "पर त्यो गडी कुठं गेला? सोताची माणसं हारत व्हती तरी जागचा हलला न्हाय. कोण गं तुझा त्यो?"

सगळं गोदाम ऐकत होतं. भामाबाई ऐकत होत्या. आणि कोपऱ्यातल्या टेबलाखालचा तर नक्कीच ऐकत होता. लपवायचं कुणापासून, घाबरायचं कशाला? आज तिचा सर्व्हर चालला होता.

"बारामतीचा रविराज," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मला आवडतो, आबा. लगीन करंन तर ह्येच्याशी."

टेबलाखाली डोकं आपटल्याचा मोठा आवाज झाला. आठही पडद्यांवरचं मैदान एका दमात नाहीसं झालं.

आबांनी कोपऱ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि मिशीला पीळ भरला.

"मग बघत काय उभी ऱ्हायलीस?" ते म्हणाले. "जावायाला टेबलाखालनं भाईर तरी काढ."