नेटवर्क विसरा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि आमच्या धाकटीला थाप मारता येत नाही. मारायला गेली की आधी तिलाच हसू फुटतं.

हे सांगताना ती हसली नव्हती.

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती.

भाड्याचं नवीन घर. बोळाच्या टोकाला, तळमजल्यावर, मागच्या बाजूचं. खिडक्यांना गज, आणि गजांसमोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. मोबाइलला रेंज औषधालाही नाही. म्हणून आल्या आल्या वायफाय बसवून घेतलेलं. कुणाला फोन लावायचा तर त्याच्याच जिवावर.

तिच्या तान्ह्या पिल्लाला सकाळपासून कणकण होती. "नाही उतरला ताप तर डॉक्टरांकडे घेऊन जा गं," असं सांगून नवरा कामावर गेला.

दुपारी ताप चढला. धाकटीने पिल्लाला दुपट्यात गुंडाळलं, पिशवी खांद्याला लावली, दार ओढलं…

उघडेना.

बाहेरून कुलूप!

नवरा लग्नाआधी कितीतरी वर्षं एकटा राहिलेला. निघताना कुलूप लावायचं हे त्याच्या हातातच बसलेलं. आत आता बायको-पोर आहे, हे त्या हाताला कोण सांगणार?

"येऊ दे घरी, मग बघते त्याच्याकडे," ती पुटपुटली. तोवर भीती नव्हती, नुसता संताप होता.

तिने दार बडवलं. हाका मारल्या. सगळे आपापल्या कामावर गेलेले. बोळात चिटपाखरू नव्हतं.

पिल्लू रडून रडून थकलं, डोळे मिटायला लागलं. तिने त्याला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं आणि फोन घेतला.

वायफायची खूण पूर्ण भरलेली. खाली बारीक अक्षरं…

जोडलं आहे. इंटरनेट नाही.

तिच्या दिराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागे एकदा असंच झालं तेव्हा त्याने तिला शिकवलं होतं. "वहिनी, आधी राउटर बंद करून चालू करा. नाहीच जमलं तर 'नेटवर्क विसरा' दाबा आणि पासवर्ड नव्याने टाका. फोनचं नवरा-बायकोसारखं आहे. जुनं विसरल्याशिवाय नव्याने जुळत नाही!"

तिने राउटरचं बटण बंद केलं. हिरवे दिवे विझले.

फोनकडे पाहिलं…

वायफाय जोडलेलंच.

तिने राउटरची वायर भिंतीतून उपटून काढली. तरीही जोडलेलंच. नाव तेच, त्यांच्याच घराचं.

कशाला जोडलंय हे?

ती फोन घेऊन फिरू लागली. दाराशी खूण अर्धी झाली. स्वयंपाकघरात आणखी घटली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आली…

पूर्ण भरली.

समोर पाळणा.

 तिने घाईघाईने सेटिंग उघडलं आणि 'नेटवर्क विसरा'वर बोट दाबलं.

त्याच क्षणी पिल्लाचं कण्हणं थांबलं.

आणि खोलीतून आवाज आला…

हूं… हूं… हूं…

पिल्लाला झोपवताना ती स्वतः अशीच गुणगुणते. मधेच श्वास घेते, तोही तिथेच.

पण ती तर ओठ घट्ट मिटून उभी होती.

धावत आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. पिल्लू टक्क जागं होतं. कपाळ गार. ताप कुठल्या कुठे पळालेला. ते वरच्या कोपऱ्याकडे बघून बोळकं पसरून हसत होतं.

"माझं सोनं गं ते!" म्हणत तिने त्याला उचललं.

पिल्लू किंचाळलं.

परक्या बाईने उचललं की पोर कसं अंग ताठ करतं, तसं. तिच्या छातीला दोन्ही हातांनी ढकलत… त्या कोपऱ्याकडे झेपावत.

"अरे, मी आहे! आई आहे मी!"

ते तिला ओळखतच नव्हतं.

तिने दार पुन्हा बडवलं, हात सुजेपर्यंत. नवरा संध्याकाळी आला. कुलूप बघून स्वतःच हादरला. "अगं, मी… मी लावलं हे?" पिल्लू चटकन त्याच्याकडे गेलं. तिच्याकडे मात्र पाठ.

ती उंबऱ्याबाहेर पडली, बोळ ओलांडून रस्त्यावर आली, तेव्हा कुठे फोनला रेंज आली. तिने थेट दिराला फोन लावला.

तो म्हणाला, "काय वहिनी, झालं का चालू?"

"काय चालू झालं का?"

"अहो, दुपारी तुमचाच नाही का फोन आला? नेट नाही म्हणालात."

 "मी काय म्हणाले, भावोजी?"

"म्हणालात, बाळ माझ्याकडे आहे, मी झोपवते त्याला. विसरा दाबू का? मी म्हटलं, दाबा बिनधास्त."

त्या रात्री ते तिच्या सासरी झोपले. पुन्हा त्या घरी नवरा एकटाच गेला, सामान आणायला.

पिल्लू हळूहळू तिच्याकडे यायला लागलं. आधी भुकेला, मग झोपेला. आता तर पदर सोडत नाही. मीही तिची समजूत घालायचे, तापात पोरं करतात असं काहीतरी.

परवा मी तिच्याकडे गेले होते. पिल्लू रांगता रांगता थांबलं आणि स्वच्छ म्हणालं, "आई!"

पहिल्यांदाच! सगळं घर टाळ्या वाजवायला लागलं. दीर म्हणाला, "घ्या वहिनी, कनेक्शन लागलं!"

धाकटी हसली नाही. तिची नजर पिल्लाच्या नजरेमागे गेली होती, म्हणून मीही बघितलं.

ते तिच्याकडे बघत नव्हतं. टेबलावर चार्जिंगला लावलेल्या तिच्या फोनकडे बघत होतं.

मी जवळ जाऊन वाचलं. नाव त्या जुन्या घराचं.

जोडलं आहे. इंटरनेट नाही.

"अहो, अजून आहे होय ते? द्या इकडे, विसरा दाबतो," म्हणत दिराने हात पुढे केला…

धाकटीने फोन छातीशी गच्च धरला. "नको भावोजी! मागे दाबलं तेव्हा पिल्लू मला विसरलं होतं." अजून तसाच ठेवलाय. कुणालाही हात लावू देत नाही.