तेत्सुर्यूची शेपटी

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

हे माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत घडलं. किनुए तिचं नाव. ठिकाण टोकियोतलं कात्सुशिका, खेळण्यांच्या कारखान्यांची गल्ली. साल १९८६, जुलै महिना, ओबोनचे दिवस. आपली गेलेली माणसं त्या दिवसांत घरी येतात. पहिल्या संध्याकाळी दारात जाळ करून त्यांना घरात घ्यायचं, शेवटच्या संध्याकाळी तसाच जाळ करून निरोप द्यायचा.

त्या वर्षी किनुएच्या घरी तिचा मुलगा येणार होता.

शुहेई. आठ वर्षांचं पोर. मे महिन्यात रक्ताच्या आजाराने गेलं.

त्याचा सगळा जीव एका खेळण्यात होता. तेत्सुर्यू. टीव्हीवरच्या कार्टूनमधला लोखंडी डायनासोर, हट्टी आणि धसमुसळा, पण पोरांसाठी जीव टाकणारा. त्याचं खेळणं चांगलं जड होतं. छाती गोल फिरवली की डायनासोरचा उभा यंत्रमानव व्हायचा. किनुएचा नवरा इसामु ज्या कारखान्यात होता, तिथेच त्याचे धातूचे पाय ओतले जायचे.

शुहेईच्या शवपेटीत तेत्सुर्यू ठेवायचाच, म्हणून किनुए हटून बसली होती.

"ताई, धातू चालत नाही," दहनगृहातला माणूस म्हणाला. "वितळतो आणि अस्थींना चिकटून बसतो."

"अहो, माझं लेकरू रिकाम्या हाताने जाईल."

"मग खेळण्याचा फोटो ठेवा. कागद चालतो."

घरात तसा एकच फोटो होता. शुहेईच्या मांडीवर तेत्सुर्यू, आणि शेजारी चिकटून बसलेली त्याची पाच वर्षांची बहीण मिहो. जिवंत माणसाचा फोटो पेटीत ठेवायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. जाणारा त्या माणसाला सोबत घेऊन जातो.

किनुएने कात्री घेतली आणि मिहोला फोटोतून कापून काढलं.

फक्त एक गोष्ट राहिली...

मिहोचा उजवा हात तेत्सुर्यूच्या शेपटीवर होता. हात कापावा तर शेपटी जात होती. आणि मोडकं खेळणं लेकाला द्यायला किनुएचं मन होईना. एवढ्याशा पंजाने काय होतंय, असं तिला वाटलं.

तो फोटो शुहेईसोबत जळाला.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी दारात जाळ केला. धूर आत आला. मिहो आईला येऊन बिलगली.

"आई, माझा हात बघ ना."

किनुएने तिचा उजवा हात हातात घेतला. बर्फाच्या लादीवरच्या मासळीसारखा गार. तोही फक्त मनगटापर्यंत. त्याच्या वर पोर चांगली उबदार होती.

"बर्फाचा गोळा खाल्ला असेल हावरटाने," इसामु म्हणाला. पण त्याने स्वतः हात धरून पाहिला आणि मग तो दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागला.

तेवढ्यात आतून आवाज आला.

कट्... कट्...

आतल्या खोलीत देव्हारा होता. शुहेईच्या तसबिरीपुढे तेत्सुर्यू ठेवलेला. किनुए धावत आत गेली. तिथे कोणी नव्हतं.

तेत्सुर्यूची छाती अर्धी फिरलेली होती.

तिने ती सरळ केली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर झाडांवरचे किडे कर्कश ओरडत असताना, ते एकाएकी थांबले...

कट्... कट्...

पुन्हा अर्धीच. दिवसभर हेच चाललं. दर वेळी आवाज तिथेच येऊन अडायचा. आणि दर वेळी मिहोचा हात आणखी थोडा वर गार पडायचा. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, टोचून पाहिला. काही सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत गारवा कोपराशी आला.

घाबरली नव्हती ती एकटी मिहो.

"दादाला जमत नाहीये," ती हसून म्हणाली.

"काय जमत नाही?"

"तेत्सुर्यूला उभं करायला. शेपटीची स्प्रिंग घट्ट आहे ना. ती मी ओढून धरायचे, मग दादा छाती फिरवायचा. एकट्याला नाही जमत त्याला."

किनुएने तिला जवळ ओढलं.

"दादा... बोलतो तुझ्याशी?"

"हो. म्हणतो, तुझा हात आहे माझ्याकडे, पण तो नुसताच हात आहे, ओढत नाही. तू सगळीच ये."

किनुए अनवाणी देवळात धावली. भटजींच्या पायाशी बसून रडली.

"फोटो असता तर काही करता आलं असतं," ते म्हणाले. "राखेतून हात कसा वेगळा काढू, बाई?"

शेवटच्या संध्याकाळी इसामु निरोपाच्या जाळासाठी काटक्या घेऊन निघाला. किनुए दारात आडवी उभी राहिली.

"जाळ करायचा नाही. तो गेलाच नाही, तर हिला नेईल कसा?"

"अगं, आपलंच पोर आहे ते. त्याला असं अधांतरी लटकवून ठेवणार?"

"मला दोन होती हो. आता एकच आहे."

इसामुने काटक्या खाली टाकल्या. पण गल्लीत घरोघरी जाळ पेटले होते. सगळ्यांची माणसं निघाली होती.

मिहो उठली आणि दारात जाऊन चपला घालू लागली.

"दादा निघाला," ती म्हणाली.

तिचा उजवा हात समोर ताठ झाला होता. कोणीतरी तो धरून ओढावा तसा. गारवा खांद्यापर्यंत पोचला होता. इसामुने तिच्या कमरेला मिठी मारली. दांडगा माणूस, पण त्याचे पाय फरशीवरून घसरू लागले.

किनुए देव्हाऱ्याकडे धावली. तिने तेत्सुर्यू उचलला आणि त्याची शेपटी मुठीत धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली.

"शुहेई, इकडे ये. आई धरते. तू फिरव."

सगळं शांत झालं...

"ती लहान आहे रे. तिची बोटं दुखतात. आईचा हात मोठा आहे. ये, राजा."

काहीच नाही...

मग तिच्या बोटांवरून काहीतरी गार सरकलं.

कट्... कट्...

कट्.

छाती पूर्ण फिरली. तेत्सुर्यू तिच्या हातात उभा राहिला. आणि तिच्या कानाजवळ कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

बाहेर मिहो इसामुच्या अंगावर कोसळली. "आई, भूक लागली," ती म्हणाली. तिचा हात उबदार होता.

मग इसामुने जाळ केला. शुहेई गेला.

किनुएचा उजवा हात मात्र मनगटापर्यंत गार पडला, तो कायमचा. आता ती सत्तरीपुढे गेली आहे. ओबोनला दर वर्षी तेत्सुर्यूची शेपटी ओढून धरून बसते. खोलीत कोणाला येऊ देत नाही.

गेल्या ओबोनला मी हट्टाने आत गेले. तिचा हात चाचपला. तो दंडापर्यंत गार होता.

"ताई, हे वाढतंय. आता सोडा ना त्याला."

ती हसली. इतकी वर्षं पाहतेय तिला, पण इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"दर वर्षी थोडं थोडं वर येतं गं," ती म्हणाली. "मीच त्याला सांगितलंय, सावकाश ने. मिहोची मुलं जरा मोठी होऊ देत."

ओबोन पुढच्या आठवड्यात आहे, आणि काल मिहोचा फोन आला होता...

"काकू, यंदा आईने आतापासूनच सगळ्यांचा निरोप घ्यायला सुरुवात केलीय."