रेवणप्पांच्या मोटारीतली जादा बाकं

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. पण "भास झाला असेल" एवढं मला सांगू नका. ते ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

हे माझ्या आजोबांच्या घरात घडलं. वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जिंतूर तालुक्यातलं बोरी गाव. निजामाचं राज्य. सन चव्वेचाळीसचा उन्हाळा.

आणि रात्र-बित्र नव्हती...

चांगली टळटळीत दुपार होती.

आजोबा, रेवणप्पा, सरकीचा व्यापार करायचे. त्यांनी एक जुनी डबा-मोटार घेतली होती. एरवी तिच्यातून माल जायचा, सणावाराला घरची माणसं. त्यांची आई चन्नबसम्मा, म्हणजे माझी पणजी, त्या मोटारीत बसायला आसुसलेली होती. पण दर वेळी मोटार भरायची. आजोबा म्हणायचे, "आई, पुढच्या खेपेला."

माघात पणजी गेली. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. तेवढंच तिचं बसून जाणं झालं.

वैशाखात आत्याचं, कस्तुराबाईचं, लग्न निघालं. लग्न पूर्णेला, नवऱ्यामुलाच्या दारी. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, सगळ्यांना एकाच खेपेत न्यायचं होतं. म्हणून आजोबांनी मुंजाजी सुताराकडून मोटारीत दोन्ही अंगांना जादा बाकं बसवून घेतली. मुंजाजीनं आमच्या वऱ्हाडाएवढी आपल्या घरची माणसं बसवून दाखवली. वर आणखी एक जण मावला असता.

लग्नाच्या दिवशी नवरी आणि तिची करवली पुढं, मोटार चालवणाऱ्या आजोबांशेजारी बसल्या. बाकीचे मागं चढले. रुखवताची भांडी मध्ये रचली. शेवटी चढली नागुबाई, माझी आजी. नवरीची आई.

तिला जागाच नव्हती.

"सरका की जरा!" आजोबा ओरडले.

"किती सरकावं, रेवणप्पा?" त्यांचे थोरले भाऊ चिडले. "पाठीला पत्रा लागलाय माझ्या!"

आजोबांनी मुंजाजीला बोलावून शिव्या घातल्या. बिचाऱ्यानं दाराजवळ आणखी एक फळी ठोकून दिली. आजी तिच्यावर टेकायला गेली, तर वडिलांची थोरली काकू तिथं येऊन बसलेली.

"मी कुठं आले? मला कुनीतरी ढकललं हिकडं..."

आजोबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. पुन्हा चढवलं.

पुन्हा आजीच उरली.

वडील मागच्या बाकावर होते. त्यांच्या डाव्या खांद्याला कुणीतरी घट्ट टेकलं होतं. त्यांनी वळून पाहिलं...

कुणी नव्हतं.

त्या बाजूला सरकायला गेले...

सरकता येईना.

मुहूर्त टळायला आला होता. आणि उतरायला एक जण तयार होईल तर शपथ! आजोबांनी रागानं मोटारीच्या पत्र्यावर डोकं आपटून घेतलं.

आजी शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी जावा. आत्याबाई बसल्यात, त्यान्ला उठवू नका."

सासूला ती आत्याबाई म्हणायची.

मोटार गेली. एकुलत्या एका लेकीचं लग्न आजीनं पाहिलं नाही. याचा मला अजून संताप येतो.

परत येताना मात्र बाकांवर मांडी घालून बसावं इतकी जागा होती. आजी दारातच उभी होती. तिनं मोटारीत वाकून पाहिलं.

"आत्याबाईन्ला कुठं सोडून आलात?"



मांडवपरतणीसाठी आत्याला माहेरी आणायचं होतं. आजोबांनी इथून तिथून पेट्रोल गोळा केलं. या खेपेला आजी हट्टानं निघाली. पुढं आजोबा आणि वडील, मागं ती एकटी. पूर्णेपर्यंत ओव्या म्हणत गेली. लेकीला पाहून पोटभर रडली.

परतीला आत्या पुढं बसली, कारण तिला मोटार लागायची. मागं पुन्हा आजी एकटीच. या खेपेला ओव्यांचा आवाज येत नव्हता.

परभणी मागं पडली. वडिलांनी वळून पाहिलं...

आजी उभी होती.

दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून. मोटार खड्ड्यांत आदळत होती, पदर खांद्यावरून घसरला होता, तरी ती उभीच. दोन्ही बाकं रिकामी.

"आई, बस की! पडशील!"

आजी रडकुंडीला आली होती.

"कुठं बसू रं बाबा? आत्याबाई एकल्या न्हाई आल्या..."

आजोबांनी मोटार थांबवली नाही. बोरीपर्यंत मागंही पाहिलं नाही. घरी पोचल्या पोचल्या पहार घेऊन बाकं उखडली. आजीचे पाय कितीतरी दिवस सुजलेले होते. "कोण होते?" असं वडिलांनी तिला पुष्कळदा विचारलं. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यातलं एक बाक आज माझ्या ओसरीत आहे. चांगलं सागवानी आहे, फेकवत नाही. मी त्याच्यावर कधी कुणाला बसलेलं पाहिलं नाही.

पण घरी कुणी आलं आणि मी "बसा" म्हटलं, की तो माणूस बाकाकडं एकदा बघतो, अवघडतो, आणि म्हणतो...

"असू द्या. मंडळी बसलीत, मी उभाच बरा."