तीन आठवड्यांची स्वाहिली

"हुजांबो… हुजांबो… हुजांबो?"

कर्वेनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरला टेकून, कादंबरी वहीत बघत पुटपुटत होती.

"सिजांबो," मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. मागे एक तरुण उभा होता. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका… आणि चेहरा अगदी गंभीर.

"तीनदा विचारलंत. कुणीतरी उत्तर द्यायला नको?"

"तुम्हाला स्वाहिली येते?"

"दहावीपर्यंत टांझानियातच होतो. वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. आता तुमचं झालं असेल तर सरकता का? मला चाळीस प्रती काढायच्यात."

दुसरी कुणी असती तर फणकारून निघून गेली असती. पण कादंबरी मूळची यवतमाळची, पुण्यात चार वर्षं काढलेली. या बोलण्याची तिला सवय झाली होती. आणि तिची गरज मोठी होती.

"सरकते," ती म्हणाली, "पण मला शिकवणार असाल तर."

पुण्याजवळ मांजरी गावात, उसाच्या रोपांच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. टांझानियातल्या एका मळ्यावर रोपवाटिका उभारायची दोन वर्षांची नोकरी तिच्यासमोर होती. अट एकच – तिथल्या शेतकऱ्यांशी निदान रीतीनं बोलता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. बातमी ऐकल्यापासून बाबांनी, ज्ञानदेवरावांनी, फोनवर बोलणंच सोडलं होतं. कादंबरी एक दिवस रडली. मग तोंड धुतलं आणि नवी वही विकत आणली.

त्याचं नाव सलिल. समोरच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. रोज संध्याकाळी सहाला, कॉलेजजवळच्या अमृततुल्य चहाच्या दुकानात शिकवणी सुरू झाली.

"हुजांबो म्हणजे – काही तक्रार नाही ना? सिजांबो – काही नाही."

"मग ही भाषा पुण्यात चालायची नाही," ती म्हणाली.

तो पहिल्यांदाच हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडायची… कादंबरीनं घाईघाईनं वहीत मान घातली.

"कुणाच्या घरी गेलात की दाराशी म्हणायचं – होडी."

"होडी? आणि वल्ही?"

"अहो, लिहा! होडी म्हणजे 'येऊ का'. आतून 'करीबू' आलं की मगच पाऊल टाकायचं. आणि वडीलधारं माणूस दिसलं की आधी शिकामो. म्हणजे तुमचे पाय धरतो. ते म्हणणार, मराहाबा."

"म्हणजे आपल्यासारखंच की!"

"म्हणून तर म्हणतो, घाबरू नका."

एके दिवशी हडपसरला वाहतूक तुंबली आणि ती पाऊण तास उशिरा पोचली. केस विस्कटलेले, ओढणी चिखलात माखलेली. सलिल उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "पोले."

"हे नवीन आहे. अर्थ?"

"दमलीस ना… असं." तो थबकला. "म्हणजे – दमलात ना."

कादंबरीनं शब्द लिहून घेतला. अर्थापुढे मात्र 'दमलीस ना' एवढंच लिहिलं.

परीक्षा झाली ती संगणकाच्या पडद्यावर. समोर साठीच्या एक बाई होत्या, मळ्याच्या व्यवस्थापक. कादंबरीनं शिकामो म्हटलं, त्यांनी मराहाबा म्हटलं. तब्येत कशी, काम कसं, प्रवास कसा… एकेक विचारपूस होत गेली. मग त्यांनी विचारलं, "हबारी झा न्युंबानी?" घरचं कसं काय?

न्झुरी – छान – म्हणून मोकळं होता आलं असतं. तेवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "न्झुरी, लाकिनी…" छान, पण… पुढचे शब्दच तिच्याकडे नव्हते. ती मोडक्यातोडक्या भाषेत एवढंच बोलली – बाबा, राग, मी येणार.

बाई पडद्याजवळ सरकल्या. "पोले, बिंती," म्हणाल्या. बिंती म्हणजे लेक. आणि तिची निवड झाली.

अमृततुल्यात ती धावतच आली. "झालं! पुढच्या महिन्यात निघायचं!"

"अभिनंदन," सलिल म्हणाला आणि चहाच्या ग्लासकडे बघत बसला.

"एवढंच?"

"छान झालं. मेहनत केलीत."

कादंबरीनं पर्स टेबलावर आपटली. "तीन आठवडे मला बोलायला शिकवलंत. तुम्हाला स्वतःला काही बोलता येतं की नाही?"

शेजारच्या टेबलावरचे दोन आजोबा पेपर खाली करून ऐकू लागले. सलिलचे कान लाल झाले.

"दुसऱ्या आठवड्यात मनात आलं होतं," तो म्हणाला, "हिला चुकीचं शिकवावं. नापास होईल, इथेच राहील… पण त्या दिवशी तू चिखलातून आलीस आणि बसायच्या आधी वही उघडलीस. मग नाही जमलं." त्यानं मान वर केली. "मला तू आवडतेस, कादंबरी. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही."

"म्हणाला असतास तरी मी गेले असते."

"माहीत आहे. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागते. मी येईन."

"पाहुणा म्हणून?"

"ते तू ठरव."

"ठरवलं," ती लगेच म्हणाली. "पण त्याआधी यवतमाळ. या रविवारी. माझ्याबरोबर. बाबा तोंड फिरवतील, तुला नाही नाही ते बोलतील…"

"दहावीनंतर मी सदाशिव पेठेतच राहिलोय. मला बोलणी चालतात."

ती खळखळून हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. पदपथावर भुरभुर पाऊस होता. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं फोन लावला. सलिलनं तिच्या डोक्यावर छत्री धरली. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास.

"बाबा, मी जाणार आहे. ते बदलणार नाही. पण रविवारी मी घरी येतेय…" तिनं सलिलचा हात घट्ट धरला. "आणि एकटी नाही येत."

 ज्ञानदेवराव खाकरले. महिन्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकू आला.

"किती जणायचा सैपाक सांगू तुह्या मायले?"

"दोघायचा, बाबा," कादंबरी म्हणाली.