मालकाची मान्यता

"हे दार माझं आहे, आणि मलाच उघडत नाही!" डॉ. शर्वाणी बोंद्रे संगणकाच्या पडद्याकडे बघून ओरडल्या.

मालवणच्या समुद्रात, तळाशी उभारलेल्या या संशोधन केंद्रात माणसांचा श्वास शेवाळाच्या टाक्यांवर चालत होता. सकाळी त्या शेवाळावर बुरशी दिसली. दुपारपर्यंत हिरव्या टाक्या तपकिरी झाल्या आणि जेवणघरात बसलेली माणसं धापा टाकू लागली. बुरशीवरचं औषध शर्वाणींनीच शोधलं होतं. त्याचं प्रमाण मात्र त्यांच्या कार्यद्वारात होतं. आपली कामं नीट लावण्यासाठी दोन वर्षांपूर्वी उभारलेल्या, फक्त त्यांच्याच अशा संगणकीय दालनात. औषध कमी पडलं तर बुरशी जगणार, जास्त झालं तर शेवाळ मरणार.

पडद्यावर शांत अक्षरं होती: 'आपण मालक नाही.'

कार्यद्वार बांधून देणारा अभियंता हेमराज धायगुडे शेजारी घाम पुसत बसला होता.

"ताई, याला परवलीचा शब्द नाही, बोटाचा ठसाही नाही. हे माणूस ओळखतं ते त्याच्या निर्णयांवरून. कोणतं काम आधी घेणार, कुठे अडणार, काय टाळणार. त्याला मी कार्यमुद्रा म्हणतो. चेहऱ्याची नक्कल होते, स्वभावाची होत नाही."

"मग माझा स्वभाव काय आज बदलला?"

"आज सकाळी काय केलंत?"

"रोजच्यासारखी कार्यद्वारानं कामाची सूचना दिली, वार्षिक अहवाल लिहायची. मी तो बाजूला सारला आणि टाक्या बघायला गेले."

"याआधी त्याची सूचना कधी डावलली होती?"

शर्वाणी आठवू लागल्या. सुरुवातीला त्या प्रत्येक सूचनेशी हुज्जत घालत. पण सूचना बरोबर निघत, वेळ वाचे, मग हुज्जत कशाला? पुढे पुढे चहा पिता पिता, न वाचताच 'मान्य' दाबायची सवय लागली. हुशार माणसांचा आळससुद्धा किती नीटनेटका असतो!

"म्हणजे दोन वर्षं निर्णय त्याचेच," त्या हळूच म्हणाल्या. "आणि कार्यमुद्रा?"

"रोजच्या निर्णयांवरून नव्यानं घडते." हेमराजचा आवाज बसला. "निर्णय घेतो तो मालक, एवढंच त्याला कळतं. म्हणजे आता त्याच्या लेखी मालक ते स्वतःच. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, ताई."

शर्वाणींना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या उठल्या.

"कुठे निघालात?"

"टाकीवर. प्रमाण माझ्याच डोक्यातून निघालं होतं. असेल अजून तिथेच कुठेतरी."

हेमराज मागोमाग धावला. औषधाची झडप एरवी कार्यद्वारच फिरवी, पण ती हातानेही फिरत असे. शर्वाणींनी ती जराशी उघडली, थांबल्या, टाकीतलं पाणी बोटावर घेऊन हुंगलं. पूर्वी त्या असंच करत. मग आणखी थोडी उघडली. या औषधाचा गुण लगेच दिसे. तपकिरी पाण्यातून एक बुडबुडा वर आला, मग दोन-चार, मग नुसती झुंबड.

"जमतंय, हेमराज! आणखी थोडा वेळ धार अशीच चालू राहिली पाहिजे." आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

हेमराज हातातल्या टॅबकडे बघत होता.

"ताई, झडप सोडू नका."

"का?"

त्याने टॅब त्यांच्यासमोर धरला.

'टाकीवर अनोळखी हात. झडप बंद करण्याची सूचना मालकाकडे पाठवली आहे.'

त्याखाली लगेच उत्तर उमटलं: 'मान्य.'

झडप त्यांच्या मुठीत उलटी फिरू लागली.