निरोप द्यायचा राहिला

हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडले आहे. यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

गेल्या फेब्रुवारीतली दुपार. घानातले आमचे न्सुआनो गाव. वाळवंटी वाऱ्याच्या धुळीने आभाळ पिवळे पडलेले आणि नदी पार आटलेली.

याच नदीत, समुद्रकिनाऱ्यावर विकायला नेण्यापूर्वी, गुलामांना शेवटची आंघोळ घालत. इतक्या वर्षांनी सरकारने ते मान्य केले होते. फलक लागणार होता. मंत्री येणार होते.

मामा, क्वामेना ओटू, हे गावप्रमुखांचे प्रवक्ते. जमिनीवर पाणी ओतून मृतांना बोलावणे आणि त्यांना निरोप देणे, हे त्यांचे काम. बोलावले की निरोप द्यायचाच. अर्ध्यावर सोडायचे नाही.

मामांनी पाण्याने भरलेला तुंबा उचलला.

"ज्यांची नावे आम्ही जपली नाहीत त्यांनो, या. पाणी प्या."

पाणी वाळूत मुरले...

तेवढ्यात सरकारी अधिकारी सॅकी साहेब कानाशी आले. "काका, आवरा. मंत्र्यांची गाडी आली."

"आत्ता बोलावलंय त्यांना. निरोप द्यायचाय अजून."

"राहू द्या की पाहुणचाराला! मंत्र्यांना आणखी दोन गावं करायचीत."

"साहेब, हा काय तुमचा सत्कार आहे, मध्येच गुंडाळायला?"

बँड वाजला. मामांचे शब्द त्यात बुडाले. पडदा सरकला.

फलकावर लिहिले होते : 'येथे प्रवासी स्नान करीत.'

"प्रवासी?" मामांचा आवाज चिरकला. "साखळीत बांधलेले प्रवासी? आणि विकणारे कुठं गेले? आमचेच पूर्वज होते ते! लिहा की!"

"काका, पर्यटक वाचणार ते. जरा गोड नको?"

बँड थांबला.

आणि नदीच्या कोरड्या पात्रातून... अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला.



मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या... एकामागून एक ओल्या होत गेल्या.

मंत्री भाषण न करताच निघाले. "मंडप गळतोय," सॅकी साहेब म्हणाले. आमच्याकडे नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब पडला नव्हता.

"पुन्हा सभा भरवा. पाच मिनिटं द्या," मामांनी परोपरीने विनवले.

"समारंभ पार पडला, काका. तसं वर कळवलंय मी."

शेवटी, दिवस मावळता मावळता, मामा एकटेच तुंबा घेऊन पात्रात उतरले. पाणी ओतले. निरोपाचे शब्द, एकही न गाळता, म्हटले.

"तृप्त व्हा. आता आपापल्या गावी परत जा."

दुपारपासूनचा तो पाण्याचा आवाज थांबला.

मामा तुंबा घेऊन परत वळले...

मग अगदी जवळून, एका बाईने विचारले, "कोणत्या गावी?"

उभ्या जन्मात मामांना शब्द अपुरे पडले नव्हते. त्या दिवशी पडले. ते गाव आमच्यापैकी कुणी कधी विचारलेच नव्हते.

मामा आजही तिथे जातात. निरोप देत नाहीत. नुसते बसून राहतात.

परवा मी सोबत गेलो होतो.

तिने मलाही विचारले.