किनाऱ्याने जाणारा रस्ता

गाड्या भाड्याने देणाऱ्या त्या ऑफिसात दोघांनी एकाच वेळी एकाच निळ्या गाडीकडे बोट दाखवलं.

“ही माझ्या आत्यासाठी ठरलीय,” ती म्हणाली. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची; आपल्याच नजरेची चूक झाली असं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे.

“माफ करा, पण ही माझ्या काकांच्या नावावर आहे.” तो जनावरांचा डॉक्टर. बाहीला मांजराचे केस तसेच चिकटलेले.

काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं आणि त्या गालातल्या गालात हसल्या. “भांडू नका. दोघांनी मिळून घेतलीय, दोघांच्याही नावावर आहे. गाडी एकच.”

“आत्या तर म्हणाली, मैत्रिणींबरोबर जातेय...”

“आणि काका म्हणे मित्राकडे—”

आधी तो हसला. मग तिलाही आवरेना.

भाचीला वाढवता वाढवता आत्याचं लग्न राहूनच गेलं होतं. काकूला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. “जाऊ दे त्यांना,” तो हळूच म्हणाला. “रस्ता तेवढा आपण नीट आखून देऊ.”

मग रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की समोरच्या कॅफेत नकाशा उलगडायचा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळ्यांचे उतार, आणि मधून वळणं घेत जाणारा रस्ता.

“अंधारात समोरून दिवे आले की आत्याचे डोळे दिपतात. सूर्य मावळायच्या आत मुक्काम हवा.”

“काकांचा गुडघा तासाभरात आखडतो. म्हणजे दीपगृहापाशी थांबायचं.”

“आणि ह्या मळ्यात वाइन चाखायला देतात.”

“मग पुढे गाडी कोण चालवणार?”

“तिथेच राहायची सोय आहे. खोल्या...” ती अडखळली. “एक की दोन?”

त्याचे कान लालबुंद झाले. “ते... त्यांचं त्यांना ठरवू दे.”

पण त्याच आठवड्यात आत्याने भाजी चिरता चिरता तिला गाठलं. “तुमचे उद्योग कळले मला. आम्हाला आखलेला रस्ता नकोय गं. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर नाचले, आता वाटेल तिथे वळणार. अंधार पडायच्या आत थांबेन, एवढा शब्द देते.”

त्याला आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून ती कॅफेत गेली. त्याने तिची कॉफी आधीच मागवली होती. “आज किनाऱ्याने जायचं, की मळ्यांतून?” त्याने विचारलं, आणि तिने न सांगताच नकाशा पुढे ओढला. सांगितलं, तर उद्यापासून भेटायचं निमित्त काय? त्या संध्याकाळी तिने मुद्दाम एक अख्खा मुक्काम खोडून काढला. सगळं पुन्हा आखावं लागलं.

निघायच्या सकाळी आत्याने केसांना रुमाल बांधला होता. काका शाळकरी मुलासारखे लाजत होते. नकाशा कुणी मागितलाच नाही. कोपऱ्यावर निळी गाडी भलत्याच दिशेला वळली आणि दिसेनाशी झाली.

“मला काही सांगायचंय,” ती म्हणाली. “त्यांना हे नकोय, असं आत्याने मला केव्हाच सांगितलं होतं. मी... बोललेच नाही. तुमच्या एवढ्या संध्याकाळी उगाच वाया घालवल्या.”

त्याने हातातल्या नकाशाची घडी घातली.

“काकांनी तर मला पहिल्याच दिवशी झापलं होतं,” तो म्हणाला. “आमच्यात नाक खुपसू नका म्हणाले.”

“काय? मग रोज कशाला येत होतात?”

“तुम्ही येत होतात... म्हणून.”

समुद्राकडून वारा आला. कपाळावरची बट मागे सारायचंही तिला सुचेना.

“मग इतका सुंदर रस्ता आपण कुणासाठी आखत होतो रे?”

तो थबकला. “रे?”

तिने जीभ चावली. मग मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं. “हो, रे! शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये. रस्ता मी सांगेन.”

त्याने तिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

“शनिवार फार लांब आहे गं,” तो म्हणाला.